टॅबचं कपाळ

"तुमचा चेहरा दिसत नाही. पुन्हा प्रयत्न करा."

तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या नव्याकोऱ्या टॅबवर पुन्हा तीच अक्षरं आली आणि शाल्मलीनं टेबलावर अशी मूठ आपटली की डबाच हलला. पडद्यावरच्या गोलात तिचा चेहरा यायला हवा होता. तिथं नुसतं तांबूस-काळं धुकं.

"बघ! सांगितलतं का न्हाय मी?" तिच्या मागून नागेंद्रकाका म्हणाले. त्यांच्या हातात टॅबचा रिकामा खोका होता. टॅब परत करायचा झाला तर लागतो म्हणून तो त्यांनी कालपासून जपला होता. "ह्या टॅबच्या व्हिडिओतला माणूस घसा फोडून सांगत होता, घेऊ नका म्हणून. पण आमच्यात ऐकतंय कोण?"

बेंगळूरच्या मोफत शिकवणीची निवड-परीक्षा आता सुरू होणार होती. घरी बसूनच द्यायची होती, पण कॅमेऱ्यानं चेहरा ओळखल्याशिवाय प्रश्नपत्रिका उघडत नव्हती. मोबाइलवर चालत नव्हतं. म्हणून तर तिचे वडील, आप्पा, काल बेळगावातनं टॅब घेऊन आले. पिरनवाडीत घरी टॅब आल्या आल्या शाल्मली तो लावून बघणार होती, तर काका आडवे आले. सकाळी पूजा झाल्याशिवाय नव्या वस्तूला हात लावायचा नाही! लावला नाही. आता भोगा.

"त्यो माणूस काय म्हणाला ते मला पाठ आहे, काका," ती म्हणाली. "तुम्ही सुरुवातीचं बघून बंद केलासा, मी शेवटपर्यंत बघितलंय. जड आहे म्हणाला. आहेच जड, मी काय डोक्यावर घेऊन नाचणार न्हाय. चार्जिंग हळू होतंय म्हणाला. खरं आहे, रात्री लावून झोपायचं. आवाज पत्र्याच्या डब्यातनं आल्यागत येतोय म्हणाला, ते तर लई खरं. पण कॅमेऱ्याला कुणीच नावं ठेवली न्हाईत. ह्या टॅबला शिव्या घालणारेसुद्धा कॅमेऱ्यापाशी येऊन गप्प बसल्यात!"

"व्हय काय? मग ह्यो काय उजेड पडलाय?"

"आक्का, त्यो तुला बघून लाजाय लागलाय," कॉटवर लोळत काकांचा चिन्मय म्हणाला. मोबाइलवरची नजरही त्यानं उचलली नाही.

"तू गप रं! तुझा मोबाइल आणला तेव्हा कुणी व्हिडिओ बघितलता? दुकानात बोट दाखवलास, खिशात घालून आलास. माझ्याच टॅबला एवढी नावं ठेवायची असतात व्हय?"

"हळू, शालू," आप्पा म्हणाले. ते चार्जरची वायर बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

"तुम्ही बोला की मग, आप्पा! तुम्ही आणलासा न्हवं?"

आप्पांनी वायर पुन्हा गुंडाळली.

काकांनी दुकानदाराला फोन लावला. कन्नडमधून तावातावानं बोलले, मान डोलावली, फोन ठेवला. "आजच्या आज आणा म्हणालाय. बदलून न्हाय, वापसच घेतो. बरं झालं. नारळ फोडला, उदबत्ती लावली, सगळं शास्त्रानं केलं मी, तरी असलं निघालं. आण तो इकडं."

"आणि माझी परीक्षा?"

"पुढच्या वर्षी दे. परीक्षा काय पळून जातीया?"

तिच्या खांद्यावरून हात लांबवून त्यांनी खोका टॅबशेजारी ठेवला.

खोक्याच्या झाकणावर टॅबचं चित्र होतं. चकचकीत, काळी कड. वरच्या कडेला, अगदी मधोमध, एक बारीक गोल ठिपका. शाल्मलीनं त्या ठिपक्याकडं बघितलं. मग टॅबकडं.

टॅबला तिथंच कुंकू होतं. खाली हळद, वर कुंकवाचं ठसठशीत बोट, त्यावर चिकटलेली एक अक्षत. काकांनी सकाळी टॅबचं कपाळ शोधून बरोबर तिथं लावलेलं. नंतर बेबीकाकीनं काच पुसली होती, तीसुद्धा कुंकवाला धक्का न लावता.

शाल्मलीनं ओढणीचं टोक हातात घेतलं.

"अगं ए! कुंकू पुसतीस?" स्वयंपाकघराच्या दारातून काकी ओरडली. "आजच्या दिवस तरी राहू दे की!"

शाल्मलीनं पुसलं. दाबून, घासून, पुन्हा एकदा. अक्षत टेबलावर पडली.

धुकं गेलं. गोलात तिचा चेहरा आला. घामेजलेला, नाकपुड्या फुगलेला. कॅमेरा इतका चांगला की हनुवटीवरची पुटकुळीसुद्धा दिसली.

चिन्मयनं मोबाइल छातीवर पालथा ठेवला. काकांनी आपली बोटं बघितली. नखांच्या कडेला हळदकुंकू अजून होतं. पण टॅब न्यायला पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला नव्हता.

गोल हिरवा होईना. पडद्यावर आता दुसरीच अक्षरं आली.

"दोन चेहरे दिसत आहेत. कृपया परीक्षार्थीने एकट्याने बसावे."

शाल्मली मागं वळली नाही. पडद्यात, स्वतःच्या खांद्यामागं दिसणाऱ्या काकांकडं बघतच ती म्हणाली,

"काका, सरका."