प्लास्टिकचा पाइप

सेराफिमा आजींच्या घरातल्या, गरम पाण्यावर खोली उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरचा गळका व्हॉल्व बदलायला प्लंबर येगोरने भर हिवाळ्यात अख्ख्या इमारतीची ऊब बंद केली आणि मजल्यामजल्यावर शिव्या खाल्ल्या. खालच्या घरातून वर येणारा गंजका लोखंडी पाइपही त्याने बदलून दिला. तरी आजी त्याच्यावरच उखडल्या.

"प्लास्टिकचा? कुणाला विचारून?"

"गंजत नाही हो, आजी. आणि खालचा म्हातारा रोज सकाळी पाइप बडवतो म्हणून तुम्हीच कटकट करत होतात ना? आता बडवू दे खुशाल. आवाजच येणार नाही."

आजींनी हातातला चमचा नव्या पाइपवर हाणला. नुसतं थप्प झालं.

"मेल्या, अंथरुणाला खिळलाय तो! त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. एखाद्या सकाळी त्याने बडवलंच नाही, तर आता मला कळणार कसं?"