उलट्या हँगरवरचा फ्रॉक

घरीच शिवणकाम करणाऱ्या त्या बाईच्या कपाटात पसारा म्हणून कधी नसायचा. वर्षाच्या सुरुवातीला ती सगळे हँगर उलटे, म्हणजे आकड्याचं तोंड बाहेर करून, अडकवी. जो कपडा अंगाला लागेल, त्याचा हँगर तेवढा सुलटा करी. वर्ष सरताना जे उलटेच राहत, ते देऊन टाकी. रोज सकाळी हँगरांवरून एकदा हात फिरवला की झालं.

एका कपड्याला मात्र हा नियम नव्हता. मुलगी तापानं गेली, तेव्हापासून तिचा निळा फ्रॉक टोकाला उलट्या हँगरवर लटकत होता. तो कुणाला द्यायचा विषय घरात निघत नसे.

एका सकाळी तो हँगर सुलटा दिसला.

"तुम्ही फ्रॉकला हात लावलात का हो?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मी कशाला लावू? मला ते कपाट उघडायचाही धीर होत नाही," तो खाली मान घालून म्हणाला.

तिनं हँगर उलटा केला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सुलटा होता, आणि फ्रॉकच्या गळ्याशी घामाचा ओलावा होता.

खोलीचं दार लावून तिनं फ्रॉक पलंगावर पसरला आणि बोटांनी शिवण चाचपली. तिच्याच हातची शिवण होती ती, पक्की दुहेरी.

दोन्ही काखांत ती ताणून उसवली होती. असं कशानं होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आतलं मूल वाढायला लागलं, की फ्रॉक असाच उसवतो.