धोंड्याच्या महिन्यातलं मागणं

पुष्पलताबाई परसातल्या नळाजवळ जावयाचे पाय दुधानं धूत होत्या आणि जावई, म्हणजे दुर्गेश, स्वतःच्या मनगटाकडे बघत होता. मनगटावरून खसखशीच्या दाण्याएवढी एक लाल कीड नव्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीत शिरत होती. सावकाश, खोली बघायला आलेल्या भाडेकरूसारखी.

"आई, हे काय आहे जी?"

"काही नाही. कोंबडीच्या उवा." सासूबाईंनी डावा पाय धुवायला घेतला. "माणसावर राहत नाहीत त्या. नुसत्या फिरायले येतात."

दुर्गेशनं बाजूला पाहिलं. पाटापासून हातभर अंतरावर टोपल्यात खुडूक कोंबडी अकरा अंड्यांवर बसली होती. एकोणीस दिवस झाले होते, परवा पिल्लं निघायची होती. तिचा तुरा पांढुरका पडला होता आणि डोळ्याच्या कडेनं लाल रांग चालली होती. ती मान झटकत नव्हती. खालचं तणस मात्र आपोआप हलत होतं.

"आज तिले औषध मारून टाकतो म्हटलं," सासूबाई म्हणाल्या. भिंतीशी फवारणीचा पंप आणि एक निळी बाटली तयार होती. "पारशिवनीहून माह्या भावानं पाठवलं. कपाशीवरचं आहे. एका फवाऱ्यात सारं साफ."

"सारंच साफ होईल," करिष्मा म्हणाली. त्यांची ही लेक पंचा घेऊन नवऱ्यामागे उभी होती. "डॉक्टर फोनवर काय म्हणाले? कोंबडी मरंल, अंडी बी जातील. त्यायनं दिलेली पावडर चार दिवसांपासून तशीच पडून आहे."

"वासच नाही वं तिले. ज्याले वास नाही ते औषध कायचं?"

"म्हणून कपाशीवरचं मारतं का?"

"काहून? कपाशी मेली का त्यानं कधी?"

"कपाशीले नाक नसते, आई."

सासूबाईंना हे पटलं नाही. पाय पुसून झाले. त्यांनी तेहतीस अनारशांचं ताट पुढं सरकवलं आणि धोंड्याच्या महिन्यात जावयाला विचारायचं ते रीतीप्रमाणे विचारलं.

"कपडे झाले, चांदीची वाटी झाली. अजून काही मनात असंल तं सांगा, जावईबापू. या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याले नाही म्हणता येत नाही."

दुर्गेशच्या मनात फक्त आंघोळ होती. तीही कढत पाण्यानं, पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात. कोंबड्या त्याला कधीच आवडल्या नव्हत्या. ही तर बघवत नव्हती. पण ती उठत नव्हती. तिला जिवंतपणी खाल्लं जात होतं आणि ती पंख आणखी पसरून अंडी झाकत होती.

"ते बाटली द्या," तो म्हणाला.

"कोणती जी?"

"कपाशीची."

"तुमच्या घरी कुठं आली कपाशी?"

"कपाशी नाही. तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही."

"मंग?"

"मनात आली."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं.

"नारायणानं मागितलं, आई," लेक म्हणाली.

बाटली ताटात गेली. वाण कोरडं देत नाहीत, म्हणून सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं. बाटलीवर कपाळ एकच होतं, कवटीचं. तिथं लावलं.

करिष्मा बाटली कपाटात कुलूप लावून ठेवून आली. येताना हातमोजे, मास्क आणि पावडरीचा डबा घेऊन आली. हे कोण करणार, असं दुर्गेश विचारणार होता. पण सगळे त्याच्याकडेच बघत होते. कोंबड्यासुद्धा.

नारायणानं हातमोजे, मास्क चढवले आणि खुडूक उचलून एका हातानं बगलेत धरली. करिष्मानं शेपटीखालची पिसं फाकवली. पिसांच्या मुळाशी लिखांचे गठ्ठे चिकटले होते, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, आणि गठ्ठ्यांच्या मधली कातडी चालत होती. कातडी चालत नसते, हे दुर्गेशला माहीत होतं. त्यानं वर आकाशाकडे पाहिलं.

"चिमटीभरच घ्या. पंखाखाली, शेपटीखाली. डोळे अन् चोच सोडून. वर पाहून काय लावता जी, खाली पाहा," करिष्मा म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं. दहाबारा जणी हातमोज्यावरून कोपराकडे निघाल्या होत्या. सासूबाई दारात गेल्या. मग दाराच्या आत.

जुनं तणस नवराबायकोनं दूर कोपऱ्यात नेऊन पेटवलं. ते तडतडलं. तणस एवढं तडतडत नाही. टोपलं धुऊन, उन्हात वाळवून त्यात नवं तणस घातलं, फडक्यात गुंडाळलेली अंडी पुन्हा मांडली. खुडूक आपणहून येऊन बसली, चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढलं आणि डोळे मिटले. मग परसातल्या उरलेल्या सहा कोंबड्या झाल्या. प्रत्येकीनं नव्या पँटवर आपापलं मत दिलं.

"दहा दिवसांनी पुन्हा लावा लागते," करिष्मा म्हणाली. "पहिल्या खेपेले लिखा मरत नाहीत. अन् डॉक्टर म्हणतीन तोवर अंडी खायची नाहीत."

"मी जन्मात खात नाही," दुर्गेश म्हणाला.

"ओवाळायचं राहिलं जी," आतून सासूबाईंचा आवाज आला.

त्या निरांजन घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या. जावयाला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिथंच थांबल्या. तिथूनच निरांजन फिरवलं, तिथूनच मूठभर अक्षता फेकल्या. नेम चांगला होता. कुंकवानं लाल केलेले दाणे पांढऱ्या शर्टावर येऊन चिकटले.

दुर्गेश हात जोडून उभा राहिला. बऱ्याचशा अक्षता घरंगळत खाली गेल्या.

काही कॉलरच्या दिशेनं वर चढायला लागल्या.