प्रविणचा बिनपात्याचा खांब

पेण ते रोहा या पट्ट्यात अंधार हा शब्द यापुढे फक्त शब्दकोशात सापडेल, असं प्रविणने खाडीच्या बांधावर उभं राहून जाहीर केलं. मग मोबाइल चार्जिंगला लावायला त्याने सीताबाईकडे प्लग मागितला.

"लाइट सकाळपासना गेलीय," सीताबाई म्हणाली.

प्रविण रोह्याजवळच्या वरसे गावचा. धाटावच्या एका केमिकल कंपनीत बारा वर्षं त्याने शिफ्ट केली आणि उरलेल्या वेळात वाऱ्याचा विचार केला. त्यातून हा खांब निघाला. दोन पुरुष उंच, गुळगुळीत, ना पाती ना पंखा. वाऱ्याने खांब डुलायचा, बुडाशी वीज तयार व्हायची आणि बॅटरीत साठायची. पहिला खांब पेणजवळ सीताबाईच्या बांधावर उभा होता. आज मुंबईहून, प्रयोगाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या मृणाली मॅडम महिन्याभराची नोंद तपासायला येणार होत्या. त्या हो म्हणाल्या तर असे चाळीस खांब, आणि त्या कामाचा प्रमुख प्रविण. नोकरीचा राजीनामा मोबाइलमध्ये लिहून तयार होता. "आधी वारा येऊ द्या, मग राजीनामा जाऊ द्या," असं बायकोने, वैशालीने, निघताना बजावलं होतं.

"पंख्याबिगर पवनचक्की!" शेजारचा काळुराम म्हणाला. अर्धं आयुष्य त्याने मिठागरात वारा बघण्यात घालवलं होतं. "चाकं नायत आन् गाडी निघाली रोह्याला."

"काका, पाती नाहीत म्हणून आवाज नाही, पक्षी मरत नाहीत, काही नाही."

"वारा पन नाय. दिवाळी झाली तरी पडलेलाच हाय. झाडाचं पान हालत नाय."

"झाड ठेवलंय कुठं?" सीताबाई पुटपुटली.

खांबाच्या जागी आधी तिची जुनी, जाड बुंध्याची भेंडी होती. वारा अडतो म्हणून प्रविणने ती तोडायला लावली होती. तेव्हापासून सीताबाई त्याच्याशी सरळ बोलत नव्हती.

"भेंडी व्हती तवा सोय व्हती आमची."

"सावलीची ना?"

"सावलीची पन."

खांबाला कुंपण घालू या, असं काळुरामने सुरुवातीलाच सुचवलं होतं. प्रविणने साफ नकार दिला होता. तारेने वारा फाटतो आणि प्रयोग अशुद्ध होतो, असं त्याचं म्हणणं.

मॅडम आल्या. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी साडेपाचला वीज उसळी घेते," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या वारामापकावर तर वारा नाही."

"मॅडम, सकाळी वारा जमिनीकडून खाडीकडे जातो, संध्याकाळी उलट. इतका हलका की मापकाला कळत नाही. खांबाला कळतं."

मॅडमनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं.

"आणि दिवाळीच्या पाडव्याला दिवसभर शून्य?"

"फटाके. धुराने हवा जड होते."

मॅडमनी तेही उतरवलं. मग त्या खांबाला एक फेरी मारून आल्या. "कमरेइतक्या उंचीवर हा चिखल कसला?"

"भरतीचा," प्रविण म्हणाला आणि त्याने रुमालाने तो पुसून टाकला.

"भरती हितवर?" काळुरामने तोंड उघडलं. "म्या साठ वर्सांत..."

"गप चा घ्या तुमी," म्हणत सीताबाईने कप त्याच्या हातात कोंबला. दूध घरचं होतं. चहा इतका दाट की काळुराम पुढचं विसरला.

मॅडमनी लॅपटॉप मिटला. "इतक्या पडलेल्या हवेत इतकी वीज मी कुठेच पाहिली नाही. चाळीस खांब मंजूर."

प्रविणने मोबाइल काढला. चार टक्के चार्जिंग उरलं होतं. तेवढं पुरलं. राजीनामा गेला.

काळुरामने कप खाली ठेवून हात जोडले. "हरलो बाबा. तुझा वारा मला दिसला नाय, माझेच डोळे गेले."

प्रविणने मोठ्या मनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग महिन्याभरात पहिल्यांदाच सीताबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पोरा, बेस हाय तुझा खांब. भेंडीचा राग नाय आता माझा."

"मावशी, तुमचा आशीर्वाद."

"येक सांगू काय? नव्या खांबाला अंग जरा खरखरीत ठेव. चरायला जाताना न् येताना म्हशी पाठ घासतात, तर ह्याच्यावरना घसरतात बिचाऱ्या."