अर्धवट वाक्य
“अहो, ऐका ना, आज माझा हात जरा...” बायकोचं ते अर्धवट वाक्य कंपाउंडरच्या कानात अजून घुमतं. रोज सकाळी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला की तिच्या गप्पांना नेमका ऊत यायचा. तो दटावायचा, “गप्प बस गं, बोललं की आकडा चढतो!” “माझं तोंड बांधायला बरा पट्टा सापडलाय तुम्हाला,” म्हणत ती त्या सकाळीही हसून गप्प झाली. आकडा चांगला आला. तो खुशीत दवाखान्यात गेला आणि हाताचं विचारायचं राहूनच गेलं. दुपारी तिचा उजवा हात लुळा पडला, वाचाही गेली. आज त्याने डाव्या दंडाला पट्टा गुंडाळला, तशी तिने सवयीने ओठ घट्ट मिटून घेतले. फुगा दाबणारा त्याचा हात थांबला. “चुकलं माझं,” तो म्हणाला, “बोल ना गं. आकडा चढला तर चढू दे.”