चंदेरी रेघांची ओवी

शर्वरी जेवणाच्या टेबलावर काळ्या कार्डशीटवर सोनेरी जेल पेनने मोर काढत होती. समोर सासरे चहा पीत बसले होते. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या या माणसाची नजर तीन वर्षांपूर्वी इतकी अधू झाली, की माणसं त्यांना आवाजावरूनच ओळखू येत. चित्रांचा विषय त्यांनी बंदच केला होता.

शाई वाळावी म्हणून तिने कार्ड उन्हात धरलं आणि त्यांचा कप हातातच राहिला.

"ते चमकतंय काय गं? मोराची मान ना?"

"हो, बाबा," म्हणत शर्वरीने आधी काढलेलं कमळाचं कार्ड उन्हात पुढे केलं. त्यांनी तेही ओळखलं.

मग ते हळूच म्हणाले, "आपली ओवी काढशील? मोठी काढ."

दीड वर्षाच्या नातीला, ओवीला, त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, पण तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता. शर्वरीने झोपलेल्या लेकीकडे बघत जाड चंदेरी रेघांनी तिचा चेहरा मोठ्या काळ्या कागदावर काढला.

सासऱ्यांनी कागद उन्हात डोळ्यांजवळ नेला, जरा तिरका केला. चमक कपाळावरून नाकावर, नाकावरून ओठांवर सरकत गेली.

"हनुवटी थेट हिच्या आजीची आहे," ते शेवटी म्हणाले. "मला कुणी सांगितलंच नाही."