भरल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

"चारी टायरांत हवा थोडी जास्तच भर," नागसेन पंक्चरवाल्याला म्हणाला आणि त्याने घड्याळ बघितलं. गिऱ्हाईक नऊला येणार होतं.

सकाळपासून त्याने गाडीचं वजन उतरवायचा सपाटा लावला होता. टपावरचं कॅरिअर काढून घरात ठेवलं. डिकीतला कॅरम बोर्ड आणि बायकोच्या, दीक्षाच्या, शाळेतल्या वह्यांचे गठ्ठेही गेले. एअर फिल्टर साफ झाला. एवढी चाकरी त्याने स्वतःच्या लग्नातही कुणाची केली नव्हती.

कारण तसंच होतं. जाहिरातीत त्याने अ‍ॅव्हरेज बारा लिहिलं होतं आणि हे काळं धूड हायवेलाही नऊच्या वर जात नव्हतं. त्यात दीक्षाला लायसन्स मिळून चार महिने झाले, तरी या गाडीला हात लावायची तिची हिंमत होत नव्हती. नाते गावच्या शाळेत शिकवायला ती अजून वडापच्या खचाखच जीपमध्ये अंग चोरून बसून जायची. महाडच्या शोरूममध्ये तिने एक छोटी लाल गाडी पसंत केली होती. शोरूमवाले संध्याकाळी सहापर्यंत थांबणार होते. त्याआधी ही विकली गेली तरच ती येणार.

"आज ही गेली नाही ना, तर तू आणि तुझा हत्ती," दीक्षा निघताना म्हणाली होती. हसत म्हणाली होती, पण डोळे हसत नव्हते.

येसाजी काका बरोबर नऊला आले. उमरठचे शेतकरी, पण तीस वर्षं मुंबईत टँकर चालवून गावी परतलेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि टायरला लाथ घातली.

"हवा जास्त भरलीस काय रे? अ‍ॅव्हरेज दिसतं झकास, पन घाटात गाडी उड्या मारते. काढ थोडी."

नागसेनने हवा काढली.

"नाते गावापर्यंत चक्कर मारू या काका. रस्ता मस्त सपाट आहे."

"सपाटीवर हातगाडीपन पळते. मी ऱ्हातो डोंगरात. उमरठपर्यंत नेऊन बघूया. आनि रिकाम्या गाडीचं अ‍ॅव्हरेज बघून काय करू? मला काय रिकामी हिंडवायचीय?"

मुद्दा बिनतोड होता. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून सिमेंटच्या सहा गोणी डिकीत चढल्या. मग गोठ्याचे पत्रे आले.

"टपावर माल असला की वारा अडतो," येसाजी म्हणाले. "मग किती पिते, ते कळाय पायजे."

नागसेन घरी जाऊन कॅरिअर घेऊन आला आणि घामाघूम होत त्याने ते पुन्हा बसवलं. एसटी स्टँडवर काकांच्या मंडळी, ठमाबाई, नव्या घरघंटीसकट उभ्याच होत्या. घरघंटी मागच्या सीटवर आणि ठमाबाई तिला धरून शेजारी बसल्या.

"अवो, त्याला एसी लावाया सांगा. जीव उकडतोय."

"लाव रे. एसीचापन फरक कळंल."

माणूस मोठा चिकित्सक आहे, असं नागसेनला वाटलं. त्याला काकांचं कौतुकच वाटायला लागलं. हा माणूस घेईल ती गाडी पारखून घेईल, पण घेईल नक्की.

काकांनी अ‍ॅव्हरेजचा मीटर शून्यावर आणायला लावला. हायवेला लागल्यावर त्यांचा वर्ग सुरू झाला. "ब्रेक कशाला मारतोस? म्होरलं वळान आधी बघावं. ब्रेक मारला की डिझेल सांडलं समज." नागसेन विद्यार्थ्यासारखा मान डोलवत होता आणि डोळा मीटरवर ठेवून होता. पोलादपूरला अ‍ॅव्हरेज साडेआठ. आंबेनळी घाटाचा रस्ता धरला तेव्हा आठ. उमरठच्या फाट्याला वळले आणि चढावर गाडी हुंदके द्यायला लागली. सात.

दीक्षाचा फोन आला. शाळेत मधली सुट्टी झाली होती.

"विकली का रे?"

"बघतायत. फार बारकाईने बघतायत."

"मग पेढे घेऊ का?"

"थांब जरा," नागसेन म्हणाला.

गाव दिसायला लागलं तेव्हा मीटरवर सहा पॉइंट नऊ होतं. आता झाकून काय उपयोग? त्याने गाडी बाजूला घेतली.

"काका, खरं सांगतो. बारा मी उगाच लिहिलं. हिने नऊच्या वर कधी दिलं नाही. बायकोला छोटी गाडी हवी आहे, म्हणून खोटं बोललो."

येसाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"खरा मानूस हायस. मला म्हायत होतं, या गाडीला सातच पडतं. चल घरी, माल उतरवू. मग बोलू."

नागसेनला गहिवरून आलं. खरं बोलून सुद्धा गाडी विकली जाते, हे कुणाला सांगून पटलं नसतं. त्याने सिमेंटच्या गोणी स्वतःच्या पाठीवरून वाहिल्या. पत्रे गोठ्याला टेकवले. घरघंटी ओटीवर ठेवली. ठमाबाईंनी दिलेलं कोकम सरबत पिता पिता त्याने दीक्षाला मेसेज केला: "पेढे घे."

"मग काका, ठरवून टाकायचं ना?"

"ये इकडं," म्हणत येसाजी त्याला घरामागे घेऊन गेले. तिथे निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी भलंथोरलं झाकलेलं होतं. त्यांनी ताडपत्री ओढली. आत तीच गाडी होती. तेच मॉडेल, तोच काळा रंग, धुळीचा कणही नसलेली.

"पोरानं घेऊन दिली रे, गेल्या साली. माल भरून घाटात जाम पिते, म्हनून मी भाईर काढीतच नाय. तुझीला गिऱ्हाईक भेटलं ना, की माझीपन सांग हां त्याला."